खणात दडलेला कीबोर्ड : नोकिया ई७ची परीक्षा

मागच्या वेळी आपण टाइपरायटरच्या कळांपाशी थांबलो होतो. आज त्या कळा खिशात कशा शिरल्या आणि तिथून पुन्हा बाहेर कशा पडल्या, ते बघायचं आहे. सगळा इतिहास सांगत बसलो तर रात्र होईल, म्हणून एकच फोन बरोबर आणला आहे. नोकिया ई७. मागच्या रांगेत दिसत नसेल, तर व्याख्यान संपल्यावर हातात घेऊन बघा.

बंद असताना ही धातूची एक सपाट वडी आहे. वर चार इंचांची काच, बाकी काही नाही. आता काचेची खालची कड दोन्ही अंगठ्यांनी अशी वर रेटायची. (खट् असा आवाज.) ऐकू आला? टेबलाचा खण उघडावा तसा खालून कीबोर्ड बाहेर आला, आणि पडदा तिरका होऊन उभा राहिला. हे पहिल्या खेपेला कुणालाच जमत नाही. जोर नेमका कुठे लावायचा, हे बोटांना कळायला दोनतीन दिवस जातात. तेव्हाच्या जवळजवळ प्रत्येक परीक्षकाने याची तक्रार केली, आणि एकदा जमलं की हा आवाज ऐकायला उगाच उघडझाप करत बसावंसं वाटतं, असंही लिहिलं.

हा फोन १४ सप्टेंबर २०१० रोजी लंडनमध्ये ‘नोकिया वर्ल्ड’ या मेळाव्यात दाखवला गेला. ‘कामाच्या माणसाचा फोन’ म्हणून. माझा आजचा प्रश्न असा : त्या वेळी एखाद्या कंपनीत असा फोन कसा पारखला जायचा? कसोट्या काय होत्या, कुणी ठरवल्या होत्या? आणि त्या कसोट्यांवर बऱ्यापैकी उतरलेला फोन वर्षभराच्या आत इतिहासजमा कसा झाला?

आधी थोडं मागे जाऊ.

ऑफिसच्या फोनची एक गंमत आहे. तो वापरणारा वेगळा आणि निवडणारा वेगळा. निवडणारा म्हणजे कंपनीतले आयटीवाले आणि खरेदी खातं. वापरणारा बहुतेक वेळा विमानतळावर उभा असतो, एका हातात बॅग आणि एका हाताने साहेबाला उत्तर लिहीत. निवडणाऱ्याला हवं असतं की फोन हरवला तर आतली माहिती दुरून पुसता यावी, कंपनीचा मेल सर्व्हर फोनशी नीट बोलावा, प्रत्येक फोनवर पासवर्डची सक्ती करता यावी. वापरणाऱ्याला हवं असतं की चार ओळी लिहिताना अंगठे दुखू नयेत.

१९९६ साली नोकियाचा ९००० कम्युनिकेटर आला. बाहेरून साधा, जाडजूड फोन. चष्म्याच्या पेटीसारखा उघडला की आत आडवा पडदा आणि पूर्ण कीबोर्ड. वजन ३९७ ग्रॅम. खिशात ठेवला तर सदरा एका बाजूला ओढला जाणार! पण ऑफिसचं टेबल सोबत घेऊन फिरता येतं, ही कल्पना त्याने रुजवली. मग कॅनडातल्या वॉटर्लू गावच्या रिसर्च इन मोशन कंपनीने, म्हणजे ब्लॅकबेरीवाल्यांनी, १९९९पासून दोन्ही धन्यांना एकदम खूष केलं. अंगठ्यांनी लिहिता येईल असा छोटा, फुगीर कळांचा कीबोर्ड वापरणाऱ्याला. आणि कंपनीच्या स्वतःच्या सर्व्हरवर बसवायचं सॉफ्टवेअर आयटीवाल्यांना. मेल आला की आपोआप फोनवर हजर, आणि सगळी सूत्रं कंपनीच्या हातात. या सुरक्षिततेचा दबदबा इतका की २०१०च्या ऑगस्टमध्ये आपल्या भारत सरकारनेच कंपनीला मुदत घातली : आमच्या तपास यंत्रणांना संदेश वाचता आले पाहिजेत, नाहीतर सेवा बंद. मला वाटतं, त्या काळात ब्लॅकबेरीची याहून मोठी जाहिरात झाली नसेल.

पण ब्लॅकबेरीच्या रचनेत एक अडचण होती. फोनचा अर्धा चेहरा कळांनी व्यापलेला, त्यामुळे पडदा लहान. मेल वाचायला ठीक. एक्सेलचा तक्ता, नकाशा, वेबपान उघडलं की खिडकीच्या फटीतून मिरवणूक बघितल्यासारखं व्हायचं.

सरकता कीबोर्ड हे या अडचणीचं उत्तर होतं. पडदा वर, कळा खाली. दोघांनी एकच जागा वाटून घ्यायची. २००५ साली तैवानच्या एचटीसीने ‘विझर्ड’ नावाने ओळखला जाणारा विंडोज मोबाइलवरचा फोन बनवला. तो स्वतःच्या नावाने फारसा विकलाच गेला नाही. कुठे टी-मोबाइलचा, कुठे ओ-टूचा, कुठे क्यूटेकचा, असा नावं बदलत जगभर फिरला. बाजूने कीबोर्ड सरकायचा, पडद्यावर टोचायला काडी असायची. २००६च्या सुमारास मायक्रोसॉफ्टने आपल्या एक्स्चेंज सर्व्हरमध्येच मेल ढकलण्याची आणि फोन दुरून पुसण्याची सोय आणली. म्हणजे ब्लॅकबेरीचा वेगळा सर्व्हर न घेताही कंपनीला तेच करता येऊ लागलं. ही तारीख लक्षात ठेवा, पुढे ती महत्त्वाची ठरते.

आणि ९ जानेवारी २००७ रोजी स्टीव्ह जॉब्जनी आयफोन दाखवला. त्या भाषणात त्यांनी चार फोन पडद्यावर आणले होते : मोटोरोला क्यू, ब्लॅकबेरी, पामचा ट्रीओ आणि नोकिया ई६२. चौघांवर प्लॅस्टिकचे कीबोर्ड. त्यांचा आक्षेप नीट ऐकला तर त्याचे दोन भाग आहेत, आणि लोक ते एकात कालवतात. पहिला भाग : गरज असो वा नसो, कळा जागा अडवून बसतात. दुसरा भाग : कळा एकदा छापून फोन विकला की त्या बदलता येत नाहीत, प्रत्येक कामाला वेगळी बटणं हवीत आणि उद्या नवीन कल्पना सुचली तर विकलेल्या फोनला ती चिकटवता येत नाही.

सरकत्या कीबोर्डने पहिल्या आक्षेपाचं उत्तर दिलं होतं. नको तेव्हा आत ढकला. दुसऱ्या आक्षेपाला त्याच्याकडे उत्तर नव्हतं. पण २०१० साली फोन पारखणाऱ्यांच्या तक्त्यात हा दुसरा रकानाच नव्हता, आणि माझ्या मते गोची तिथे आहे.

आता ई७ची परीक्षा करू. तेव्हाच्या माणसाच्या डोळ्यांनी.

कीबोर्ड : चार रांगा, कळांमध्ये मोकळी जागा, बाणांची वेगळी बटणं. खाली न बघता लिहिता येतं, हे कळांचं खरं वैभव. बोटाला कड लागते, कळ दबल्याची टिचकी कळते. इथे पूर्ण गुण. पडदा : चार इंच, ६४० गुणिले ३६० ठिपके. उन्हात उत्तम दिसायचा, काळा रंग खरोखर काळा. पण त्याच वर्षी आलेल्या आयफोन ४च्या साडेतीन इंचांत ९६० गुणिले ६४० ठिपके होते. बांधणी : अॅल्युमिनियमची, १३.६ मिलिमीटर जाड, १७६ ग्रॅम. त्याच घराण्यातला २००७चा ई९० कम्युनिकेटर २० मिलिमीटर जाड आणि २१० ग्रॅम होता, म्हणजे अभियंत्यांनी खरंच घाम गाळला होता. सरकणारा फोन पातळ करणं सोपं नाही. दोन वेगळे भाग, मध्ये बिजागरी, आणि दोघांना जोडणारी लवचीक तारांची पट्टी, जी प्रत्येक उघडझापीला वाकते. अशा बनावटीचे फोन दुरुस्तीला यायचे ते पुष्कळदा ह्या पट्टीपायीच.

डब्यात दोन छोट्या वायरी मिळायच्या. एकीने फोन टीव्हीला किंवा प्रोजेक्टरला जोडता यायचा, दुसरीने सरळ पेनड्राइव्ह लावता यायचा. क्लायंटच्या ऑफिसात पोचलात, लॅपटॉप नाही, पेनड्राइव्हवरची फाइल फोनमध्ये घेतली आणि भिंतीवर दाखवली. २०११ साली हे भारी होतं, आणि आजही प्रत्येक फोनला जमतं असं नाही. वर्ड-एक्सेलच्या फायली उघडायला क्विकऑफिस आत होतंच. एक्स्चेंजचा मेलही होता.

इथपर्यंत उत्तम. आता खटकणाऱ्या गोष्टी, आणि यातली एक तर फारच बोलकी आहे.

कॅमेरा ८ मेगापिक्सेलचा, पण स्थिर फोकसचा. लांबचं सगळं स्वच्छ, आणि साधारण अर्ध्या मीटरच्या आत आणलेली वस्तू अंधुक. आता सांगा, कामाचा माणूस कशाचे फोटो काढतो? पावतीचे, छापील कागदाचे, समोरच्याने दिलेल्या व्हिजिटिंग कार्डाचे. व्हिजिटिंग कार्ड वाचता न येणारा बिझनेस फोन! (हशा) बरं, आधीच्या ई७२मध्ये ५ मेगापिक्सेलचाच, पण फोकस सरकणारा कॅमेरा होता, त्याला कार्ड वाचता यायचं. पण कोष्टकात आठ हा आकडा पाचापेक्षा मोठा दिसतो.

बॅटरीचीही तीच कथा. ई७२मध्ये १५०० मिलिअँपिअर-तासांची, मागचं झाकण काढून बदलता येणारी. दौऱ्यावरचे लोक जोड बॅटरी पाकिटात ठेवायचे. ई७मध्ये मोठा पडदा आला आणि बॅटरी १२००वर घसरली, तीही आत कायमची बंद. मेमरी कार्डाची खाचही गेली. जे काय ते आतलं १६ जीबी.

या सगळ्या खाली सिंबियन. प्रोसेसर ६८० मेगाहर्ट्झचा, रॅम २५६ एमबी. समोर अँड्रॉइडचे फोन १ गिगाहर्ट्झ घेऊन उभे. पण वेगाहून महत्त्वाची एक गोष्ट सांगतो. त्या वेळच्या सिंबियनमध्ये काचेवर लिहायचं झालं तर चौकटीवर टिचकी मारताच मूळ पान नाहीसं व्हायचं आणि लिहिण्याचं एक वेगळंच पान उघडायचं. कुणाला काय उत्तर देतोय, ते समोर राहायचंच नाही. फोन उभा धरला तर पूर्ण कीबोर्डही नाही, जुन्या फोनसारखी आकड्यांवरची अक्षरं. ई७चा खण उघडला की हा सारा त्रास टळायचा. जिथल्या तिथे लिहिता यायचं.

म्हणजे काय झालं बघा. लोकांनी काचेवर लिहून पाहिलं, मग कळांवर लिहून पाहिलं, आणि निर्णय दिला की कळांना तोड नाही. पण ज्या काचेशी तुलना केली ती काचच आजारी होती! कीबोर्ड इतका चांगला होता की त्याने सॉफ्टवेअरचं दुखणं झाकून टाकलं. जोडून दुसरी गोष्ट : कळांच्या परीक्षेत चुका मोजल्या जात. काचेवर चुका जास्त, हे खरंच. पण तिकडे चूक झाल्यावर शब्द ओळखून दुरुस्त करणारं सॉफ्टवेअर दर वर्षी शहाणं होत होतं. कळ बिचारी जितकी पहिल्या दिवशी चांगली, तितकीच शेवटच्या दिवशी.

इथे एक फाटा घेतो, कारण तो आपल्या घरचा आहे. जॉब्जच्या आक्षेपाचा तो दुसरा भाग, छापलेली अक्षरं बदलत नाहीत, हा इंग्रजीत लिहिणाऱ्याला थोडा पुस्तकी वाटेल. मराठीत लिहिणाऱ्याला नाही. असल्या महागड्या फोनच्या कळांवर रोमन अक्षरं कोरलेली. स्वस्त फोनच्या बारा बटणांवर देवनागरी छापून नोकियाने आपल्याकडे विकली होती. पण साहेबाच्या फोनवर? त्याला मराठीत लिहायची गरज पडेल, हे गृहीतच धरलं नव्हतं. इन्स्क्रिप्ट मांडणी ऐंशीच्या दशकापासून प्रमाण मानलेली होती, पण कोऱ्या मनाने चाळीस कळांवर ती आठवून लिहिणारे किती? म्हणून आपण सगळे ‘मी येतो’ हे रोमन लिपीत लिहायला शिकलो. काचेने हे लगेच सोडवलं असंही नाही. आयफोनवर मराठीचा स्वतःचा कीबोर्ड यायला २०१४चं आयओएस ८ उजाडावं लागलं. पण आला तो जुन्या फोनवरही आला, सॉफ्टवेअरच्या एका अपडेटमधून. कोरलेल्या कळांना ते शक्यच नव्हतं.

बरं, मूळ रस्त्यावर येऊ.

लंडनच्या त्या मेळाव्याचे दिवस आठवा. १० सप्टेंबरला नोकियाने नवे प्रमुख जाहीर केले : स्टीफन एलॉप, मायक्रोसॉफ्टच्या ऑफिस विभागाचे प्रमुख. १३ तारखेला स्मार्टफोनचं खातं सांभाळणारे जुनेजाणते आन्सी वांजोकी यांनी राजीनामा जाहीर केला. १४ला ई७ रंगमंचावर. लग्नघरात पाहुणे जमलेत आणि आतल्या खोलीत वाटण्यांची बोलणी चालू आहेत, तसं ते वातावरण. फोन वर्षअखेर यायचा होता, तो लांबला, आणि दुकानांत पोचला फेब्रुवारी २०११मध्ये.

त्याच फेब्रुवारीच्या ११ तारखेला, पुन्हा लंडनमध्येच, एलॉप आणि मायक्रोसॉफ्टचे स्टीव्ह बामर शेजारी शेजारी उभे राहिले आणि सांगितलं की नोकियाचे यापुढचे मुख्य स्मार्टफोन विंडोज फोनवर चालतील. सिंबियनचे अजून १५ कोटी फोन विकू, असंही म्हणाले. त्या दिवशी नोकियाचा शेअर सुमारे १४ टक्के पडला.

आता तुम्ही एखाद्या कंपनीच्या खरेदी खात्यात आहात असं समजा. टेबलावर हा फोन आहे. तुमच्या तक्त्यात कीबोर्डला गुण, मेलला गुण, सुरक्षिततेला गुण. बेरीज चांगली आहे. फोन दोनतीन वर्षांसाठी घ्यायचा असतो, दोनशे लोकांना द्यायचा असतो. आणि ज्याच्यावर तो चालतो ते सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांनीच जाहीर केलंय की आम्ही हे गाव सोडतोय. तुम्ही सही कराल? त्या दोनशे लोकांच्या फोनसाठी नवी अॅप्स कोण लिहिणार? बँक लिहील? विमान कंपनी लिहील? यंत्रात त्या आठवड्यात एकही खिळा बदलला नव्हता. परीक्षकांची ‘कळा उत्तम, कॅमेरा अडाणी’ अशी परीक्षणं छापून येत होती, प्रत्येक वाक्य खरं, आणि एकाचाही खरेदीदाराला उपयोग नाही.

नोकियाने अपडेट दिले, हे मान्य करायला हवं. २०११च्या ऑगस्टमध्ये ‘अॅना’ आलं : उभ्या फोनवर पूर्ण कीबोर्ड, आणि लिहिताना मूळ पान दिसत राहण्याची सोय. २०१२च्या सुरुवातीला ‘बेल’ आलं. म्हणजे काचेवरचं लिहिणं सुधारलं, आणि ते सुधारताच खण उघडायचं एक कारणही कमी झालं.

तिकडे ऑफिसांत काय चाललं होतं? २००८च्या जुलैत आयफोनला त्याच एक्स्चेंज सर्व्हरशी बोलता येऊ लागलं होतं, दुरून पुसण्याच्या सोयीसकट. मघाशी म्हटलं ना, ती तारीख लक्षात ठेवा? मायक्रोसॉफ्टने आपल्या फोनांसाठी बांधलेला रस्ता सगळ्यांनाच मोकळा झाला. मग लोक स्वतःच्या पैशाने घेतलेला फोन घेऊन आयटीवाल्यांच्या खिडकीपाशी उभे राहिले : यावर मेल लावून द्या. आधी नाही म्हटलं गेलं. मग साहेबच स्वतःचा फोन घेऊन आले, आणि साहेबाला नाही कोण म्हणणार? निवडणारा आणि वापरणारा एकच झाला. ज्या दोन धन्यांची एकदम सेवा करायला हा खणाचा फोन जन्मला होता, त्यांतला एक धनीच निघून गेला.

पण हे लिहिताना एक चूक इतिहासकार नेहमी करतात, मीही केली आहे. शेवट माहीत असल्यामुळे आपण मधल्या लोकांना मूर्ख ठरवतो. ई७ बनवणारे मूर्ख नव्हते. २०१०च्या ऑगस्टमध्ये ब्लॅकबेरीनेही टॉर्च नावाचा सरकता फोन काढला होता; अँड्रॉइडचा अगदी पहिला फोन, २००८चा जी१, सरकत्या कीबोर्डचाच होता; मोटोरोलाचा २००९चा ड्रॉइडही तसाच. सगळ्या उद्योगाचाच अंदाज होता की लोक कळा सोडणार नाहीत. लोकांना विचारलं असतं तर तेही तसंच म्हणाले असते.

नोकियाचा पहिला विंडोज फोन, ल्युमिया ८००, ऑक्टोबर २०११मध्ये आला. एकही कळ नाही. आणि ई७ची बिजागरी? तिचा आणखी एक अवतार झाला. मीगो या दुसऱ्या सॉफ्टवेअरवर चालणारा एन९५०, ह्याच बांध्याचा, अॅल्युमिनियमचा, असाच तिरका उघडणारा. तो दुकानात कधीच आला नाही; अॅप लिहिणाऱ्यांना प्रयोगासाठी थोडे नग दिले गेले, तेवढेच. ब्लॅकबेरीने २०१५च्या शेवटी प्रिव्ह काढला : अँड्रॉइडवर चालणारा, वक्र काचेचा, खालून कीबोर्ड सरकणारा. त्या फोनमध्ये एक मजेदार सोय होती. कळांच्या वरून नुसतं बोट फिरवलं की पान सरकायचं. म्हणजे कळांनाच काच व्हायला शिकवलं होतं.

इथे थांबतो. फोन पुढच्या रांगेपासून फिरवा, पण उघडताना कडेला जोर लावू नका, मधोमध, दोन्ही अंगठ्यांनी. ती पट्टी आता मिळत नाही. प्रश्न असतील तर विचारा.